चार दिवस भांग

काळूराम तरे यांनी उभ्या जन्मात ताडीचा थेंब घेतला नाही. आगाशीच्या अलीकडे खाडीकाठच्या खाजणाला लागून त्यांचं गाव. तिथे संध्याकाळी दर दुसऱ्या ओट्यावर मडकं घेऊन कोणी ना कोणी बसलेला असे, त्यामुळे ही गोष्ट काही सोपी नव्हती. लग्नाकार्यात आग्रह झाला की ते हात जोडत आणि बाटलीतला गोटी सोडा पीत बसत. पोरंटोरं चेष्टा करत, ते हसण्यावारी नेत. कारण मात्र गावाला ठाऊक होतं. त्यांच्यासारखेच त्यांचे वडीलही खाडीच्या बांधावरच्या उघाडीवर राखणदार होते. एका अमावास्येला ते ताडी पिऊन झोपले, फळ्या टाकायच्या राहिल्या आणि खाडीचं पाणी गावच्या भातशेतीत शिरलं. खारवलेली जमीन तीन पावसाळे धुतल्याशिवाय पुन्हा पिकत नाही. तीन वर्षं गावाने विकतचा भात खाल्ला आणि तऱ्यांच्या घराकडे पाहिलं की मान फिरवली. काळूराम तेव्हा बारा वर्षांचे होते.

मी सदानंद, मूळचा कऱ्हाडकडचा. समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. अठ्ठ्याऐंशी साली बदली होऊन बांधबंदिस्ती पाहणाऱ्या आमच्या खात्याच्या वसईतल्या उपकार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून आलो आणि गोखिवऱ्याला भाड्याने खोली घेतली. खाडीच्या बांधांवर चौदा उघाड्या होत्या, चौदा रोजंदारी राखणदार होते. त्यांची हजेरी भरणं हे माझं काम. उघाडी म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. शिकलेला माणूस ना! मी आपला पहिले दोन महिने हजेरीपत्रकावर त्या शब्दाची 'उघडी' अशी दुरुस्ती करत होतो.

तिसऱ्या महिन्यात काळूदादा अंगठ्याऐवजी सही करायला आले. चौथी शिकलेले होते, सही करायची त्यांना हौस होती. कागद त्यांनी बारकाईने वाचला.

"सदाभाऊ," ते म्हणाले, "ही उघडी नाय, उघाडी. उघडी राहिली तर गाव बुडंल."

त्याच रविवारी ते मला बांधावर घेऊन गेले. बांधात दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत लाकडाच्या जाड फळ्या. भरतीला फळ्या टाकायच्या म्हणजे खारं पाणी आत येत नाही, ओहोटीला काढायच्या म्हणजे शेतात साठलेलं गोडं पाणी खाडीत जातं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकणार. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं, तिथी होती. अमावास्या-पुनवेच्या आसपास पाणी चेकाळतं, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमारास समुद्र मरगळतो, भरती उघाडीच्या उंबऱ्यालाही शिवत नाही, तो भांग. उधाणाच्या दिवसांत काळूदादा बांधावरच्या खोपटातून हलत नसत. भांगाचे चार दिवस ते घरी जाऊन पाय पसरून झोपत. बायको म्हणे, "नवरा माजा पंधरवड्यातून एकदा भेटतो."

दहा वर्षं मी त्यांची हजेरी भरली. मधल्या काळात माझं लग्न झालं, गोखिवऱ्यालाच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, बायको कोकणात मन रमवायला शिकली. काळूदादा घरी येत ते शेतातली वालपापडी नाहीतर खाडीतल्या निवट्या घेऊन. त्यांचं एकच मागणं होतं, कायम व्हायचं. बावीस वर्षं रोजंदारीवर काढली होती. पगाराचं त्यांना फारसं पडलं नव्हतं. "माज्या बापाचं नाव या उघाडीवर बुडालं, सदाभाऊ," ते म्हणायचे. "तिथंच सरकारनं मना कायम केलं, की झालं." त्यांची फाइल मी स्वतः तयार केली होती. ती वर गेली होती आणि वरच होती.

आणि मग तज्ज्ञ आले.

त्या वर्षांत सरकारला एक नवीनच खोड लागली होती. आपल्याच माणसाने तीस वर्षं बांध बांधले, त्याने सांगितलं की अमुक ठिकाणी गळतं, तर ते ऐकू येत नसे. तेच दिल्लीच्या कंपनीने गुळगुळीत कागदावर छापून दिलं की लगेच बैठक बसायची. आमचे कार्यकारी अभियंता साहेब पूर्वी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरायचे. तेही आता 'अहवाल येऊ दे, मग बघू' म्हणायला लागले. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते, पण इथे शेळ्याच उंटाची वाट पाहत उभ्या राहिल्या होत्या.

सल्लागार कंपनीकडून अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात जो मुलगा आला त्याचं नाव हर्षवर्धन. पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा, आधी अभियांत्रिकी आणि वर व्यवस्थापनाची पदवी. वाईट असता तर बरं झालं असतं, मला मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. पण मुलगा सरळ होता. काळूदादांच्या खोपटात शिरताना त्याने बूट बाहेर काढले, कोरा चहा मागून पुन्हा घेतला, फळी स्वतः उचलून पाहिली आणि कमरेत उसण भरल्यावर स्वतःलाच हसला. प्रत्येक राखणदाराला तेच वीस प्रश्न विचारायचे होते. उत्तरांना गुण, गुणांची बेरीज, बेरजेवरून कोण राहणार आणि कोण जाणार. उघाड्यांना आपोआप मिटणाऱ्या लोखंडी झडपा बसणार होत्या. गुणांत बसतील ते राखणदार पाणी उपसणाऱ्या नव्या पंपघरांवर कायम होणार होते. काळूदादांना हे मीच सांगितलं होतं. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता.

प्रश्न मराठीत विचारले जात होते, उत्तरं तो इंग्रजीत लिहून घेत होता. मी शेजारी बसून त्याचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून धरले होते. चौदावा प्रश्न होता, कामात ढिलाई कधी होते का?

"मोकळेपणाने सांगा काका," हर्षवर्धन म्हणाला. "कोणावर कारवाई नाही होणार."

"खोटं कशाला बोलू?" काळूदादा म्हणाले. "उधान असलं तर डोल्याला डोला लागत नाय. पन भांग असला की मी निवांत. चार दिस भांग, चार दिस झोप."

हर्षवर्धन जरासा चमकला. "हे साहेबांना माहीत आहे?"

"सगल्यांना म्हाईत हाय. माजा बाप पन तसंच करायचा."

तो हसला आणि लिहायला लागला. मीही हसलो, कारण मला काळूदादांच्या बायकोचं बोलणं आठवलं. त्या वाक्याचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही, शपथेवर सांगतो. पुण्याच्या माणसाला भांग म्हणजे शिवरात्रीची, नाहीतर होळीची. समुद्राचाही भांग असतो हे त्याला कोण सांगणार? ज्याने सांगायचं तो कागद धरून बसला होता.

दोन महिन्यांनी अहवालाचं सादरीकरण झालं. मोठं सभागृह, अंधार, पडद्यावर रंगीत चित्रं. मुंबईहून सचिव आले होते, कंपनीचे वरिष्ठ आले होते, चहाबरोबर काजू होते. मी मागच्या रांगेत. अहवालात लिपिकांची निम्मी पदं कमी करायची शिफारस होती आणि संगणक शिकायला कोणाला पाठवायचं, म्हणजे कोण टिकणार, ती यादी सादरीकरणानंतर साहेब वाचणार होते.

अर्ध्या तासाने पडद्यावर 'मानवी घटक' असं काहीतरी आलं आणि त्याखाली, रोमन लिपीत, काळूदादांचं वाक्य. चार दिस भांग, चार दिस झोप. खाली शेरा: कामावर असताना भांग घेतल्याची स्वतः कबुली, वडिलांपासूनची सवय, स्थानिक अधिकाऱ्यांना कल्पना असूनही कारवाई नाही. विश्वासार्हता, दहापैकी शून्य.

सभागृह हसलं. सचिव तर डोळे पुसेपर्यंत हसले. कोणीतरी म्हणालं, "आणि ह्यांच्या भरवशावर आपण समुद्र अडवलाय!" पुन्हा हशा. आमचे साहेब पहिल्या रांगेत होते. साहेब श्रीवर्धनचे, समुद्राच्या काठी वाढलेले. भांग म्हणजे काय हे त्यांना आईच्या दुधाबरोबर कळलं असणार. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एकदा मान वळवून पडदा वाचला, मग सचिवांकडे पाहिलं आणि तेही हसायला लागले.

मी उठलो नाही. 'साहेब, एक मिनिट, भांग म्हणजे लहान भरती' एवढंच बोलायचं होतं. मी मूग गिळून गप्प बसलो. संध्याकाळी यादी वाचली, तिच्यात माझं नाव होतं.

चौदापैकी तेरा राखणदार पंपघरांवर कायम झाले. काळूदादांना अडतीस गुण पडले, चाळीस लागत होते. पत्र मीच टंकलं. पत्रात कारण नव्हतं, 'मूल्यांकनात अपात्र' एवढंच होतं.

त्यानंतर दर मंगळवारी ते कार्यालयात यायला लागले. आगाशीहून बसने येत आणि माझ्या टेबलासमोरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसत. "सदाभाऊ, माजं कशात कमी पडलं?" मी म्हणायचो, "गुण कमी पडले, दादा." "कशाचे?" मी म्हणायचो, "संगणकाने काढलेत, त्यात आपल्याला काय कळतं?" संगणकावर हे ढकलून देणं फार सोपं होतं. तो माझ्याच टेबलावर होता आणि ज्यावरून गुण काढले ती मूळ माहिती माझ्या कपाटात होती.

त्यांनी कोणालाच दोष दिला नाही, हेच मला सहन होत नव्हतं. भांडले असते, मोर्चा आणला असता, तर मी तरी मोकळा झालो असतो. पण काळूदादांची शिकलेल्या माणसावर देवासारखी श्रद्धा. एवढा मोठा मुलगा, एवढी यंत्रं, त्यांनी शोधून काढलंय म्हणजे आपल्या हातून काहीतरी चुकलंच असणार. मग ते आठवत बसले. बावीस वर्षांतली एकेक अमावास्या, एकेक पुनव त्यांनी मनात काढून पाहिली. शेवटी त्यांना सापडलं. श्याऐंशी सालच्या श्रावणात त्यांची आई गेली. स्मशानातून यायला वेळ झाला, फळ्या उशिरा पडल्या. तेव्हा काही नुकसान झालं असं कोणी म्हटलं नव्हतं. पण यंत्रांना जुनं पाणीही दिसत असेल, असं ते धरून चालले.

हे मला व्हॅलेरियनकडून कळलं. उघाडीला लागून पहिली भातशेती व्हॅलेरियन यांची. आगाशीकडे त्यांची केळीची वाडी होती, ते शाळेत शिकवून निवृत्त झालेले, कार्यालयात आले की मोजून-मापून पुस्तकी मराठी बोलत. चौथ्या वर्षी एका मंगळवारी काळूदादा येऊन गेल्यावर ते तावातावाने आत आले.

"काळूराम रविवारी माझ्या घरी आला होता," ते म्हणाले. "आम्ही नुकतेच चर्चमधल्या मिस्साहून परतलो होतो. माझ्या अंगणात येऊन तो पाया पडला. म्हणाला, श्याऐंशी साली माझ्यामुळे तुमच्या शेतात पाणी गेलं, मला माफ करा. मी म्हटलं, अरे, त्या वर्षी माझं भात सगळ्यांत चांगलं आलं होतं. तो ऐकेना. म्हणतो, सरकारला सापडलंय. काय सापडलंय तुम्हाला, मला दाखवा."

मी त्यांना अहवालाचं पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"भांग," ते म्हणाले. "हा तर आमचा... हे कोणी लिहिलं?"

मी सांगितलं.

"आणि इथे कोणालाच हे दिसलं नाही? चार वर्षांत?"

मी पान परत फाइलीत लावलं. ते जाताना एवढंच म्हणाले, "काळूरामला सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन. पण तुम्ही सांगितलेलं बरं."

आधी मी साहेबांकडे टिपण नेलं. एका शब्दाचा चुकीचा अर्थ लागला आहे, शेरा वगळावा, राखणदाराचं फेरमूल्यांकन व्हावं. साहेबांनी ते वाचलं आणि दार लोटून घेतलं.

"सदानंद, मला काय कळत नाही होय? पण अहवाल शासनाने स्वीकारलाय. त्याच्यावर पुढची तीन वर्षं चाललीत. आता त्यातला एक शब्द चुकला म्हटलं की लोक विचारणार, बाकीचे किती चुकले? आणि मला विचारणार, तू समोर बसला होतास ना?" टिपण त्यांनी परत केलं, सही न करता. "कंपनीलाच लिहा. त्यांनी दुरुस्ती पाठवली तर बघू."

कंपनीने कळवलं की कंत्राट संपलं. हर्षवर्धनचा पत्ता शोधायला मला दोन महिने लागले. तो आता कुठल्याशा आफ्रिकी देशात, तिथल्या सरकारला वीज कशी वाटावी याचा सल्ला देत होता. मी ई-मेल केला, त्याचं उत्तर मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. खूप वाईट वाटलं, असं त्याने लिहिलं होतं, आणि ते खरं असावं. काका कसे आहेत, असंही विचारलं होतं. पण पुढे लिहिलं होतं की त्या प्रश्नाला शंभरात फक्त दहा गुण होते, त्यामुळे एकंदर निकालावर फारसा फरक पडला नसता.

इतर तेरा जणांना त्या प्रश्नात सगळ्यांत कमी मिळाले होते ते चार. काळूदादांना ते चार जरी मिळाले असते तरी बेचाळीस झाले असते. ही बेरीज करायला संगणक लागत नव्हता, तरी मी तो उघडला आणि दोनदा करून पाहिली.

दोन हजार तीन सालच्या माघात मी त्यांच्या घरी गेलो. सोमवार होता, त्यांनी मंगळवारी यावं आणि पुन्हा त्या बाकावर बसावं, ते मला नको होतं. उघाडीच्या जागी लोखंडी झडप होती. खोटं कशाला बोलू, ती बरी चालत होती. खोपट पडलं होतं. काळूदादा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. आता ते दुसऱ्यांची जाळी सांधायचे. केस पांढरे झाले होते, पण मला पाहून जाळं बाजूला ठेवून उभे राहिले.

"मंगलवार उद्या ना, सदाभाऊ?"

मी बसलो आणि सगळं सांगितलं. चौदावा प्रश्न, भांग, भांगेचा अर्थ, दहापैकी शून्य. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिला आधी कळलं. ती तोंडावर पदर घेऊन आत गेली.

काळूदादांचा चेहरा मात्र उजळला. मी देवाशपथ सांगतो, उजळला.

"म्हंजे पानी नव्हतं गेलं?"

"नाही, दादा."

"श्याऐंशीला पन नाय?"

"कधीच नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही."

त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि खाडीकडे पाहत बसले. मला वाटलं, झालं, सुटलो. मग त्यांनी विचारलं, "त्या मुंबईवाल्यांच्या मिटिंगीत माजं नाव घेतलं?"

"नाव नाही. वाक्य दाखवलं. पडद्यावर."

"मंग लोक काय बोलले?"

"हसले."

"आपले साहेब श्रीवर्धनाकडचे. त्याना तर म्हाईत हाय भांग."

"हो. तेही हसले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जाळ्याची एक गाठ त्यांनी बोटांत घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"तुमी?"

खोटं बोलता आलं असतं. इथवरही ते मी लिहिलेलं नाही, गप्प बसलो एवढंच लिहिलं आहे, कारण गप्प बसणं त्यातल्या त्यात बरं दिसतं. सचिव मागे वळून सगळ्यांकडे पाहत होते, सगळे हसत होते, आणि यादी अजून वाचायची होती.

"हसलो," मी म्हणालो.

ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. आतून चहाचा कप आला, तो त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत थांबले. मग मला बांधापर्यंत सोडायला आले. वाटेत चिखल होता तिथे 'इकडून, इकडून' म्हणत माझा हातही धरला. बांधाच्या टोकाशी त्यांनी तो सोडला.

"सांभालून जा, साहेब," ते म्हणाले.

पंधरा वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटलं ते पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बाक रिकामा राहिला. पुढे ते कधीच आले नाहीत.